खाऱ्या वाऱ्यात वाढीव वॉरंटी

एसी, फ्रिज किंवा टीव्हीचे बिल होता होता काउंटरवर जी 'एक्स्टेंडेड वॉरंटी' सुचवली जाते, तिची खरी किंमत कळते ती बारीक अक्षरांतल्या 'समाविष्ट नसलेल्या बाबी' वाचल्यावर. रत्नागिरीतील आमच्या एसीवर घेतलेली अशीच एक योजना, जी उत्पादक कंपनीची नव्हे तर त्रयस्थ संस्थेची होती, याच बाबींवर अडली.

एसीचे आउटडोअर युनिट खाडीकडच्या भिंतीवर आहे. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यानंतर ते बंद पडले, तेव्हा कोल्हापूरहून मेकॅनिक येईपर्यंत बरेच दिवस गेले. माणूस मात्र कामाचा जाणकार होता. त्याने पीसीबी (युनिट चालवणारी सर्किटची पाटी) काढून दाखवली, तर टर्मिनलभोवती हिरवट थर साचला होता आणि तांब्याची एक रेघ पार खाल्ली गेली होती. त्याने फोटो काढले, अहवालात 'गंज' असे लिहिले आणि दावा नामंजूर झाला. फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, कारण गंज, विजेच्या दाबातील चढउतार, वीज पडणे, पुराचे पाणी, उंदीर-पालींमुळे झालेले नुकसान हे सारे अटींत स्पष्टपणे वगळलेले होते. कोकणात यंत्रे बिघडतात ती बहुतेक याच कारणांनी, त्यामुळे येथील ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

त्यातच अनेक इन्व्हर्टर एसींच्या कंप्रेसरवर कंपनीच 10 वर्षांची स्वतंत्र वॉरंटी देते, म्हणजे सर्वांत महागड्या भागासाठी पुन्हा पैसे मोजण्याचे कारण नाही. तीच रक्कम चांगला स्टॅबिलायझर, नीट केलेले अर्थिंग आणि आउटडोअर युनिटमधील कंडेन्सर कॉइल (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या) अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन घेणे यांवर खर्चावी, असे माझे मत आहे. अपवाद मोठ्या टीव्हीचा: पॅनेल गेल्यास दुरुस्ती जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीला भिडते, म्हणून तेथे कंपनीचीच योजना, आणि तीही जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर असल्यास, विचारात घेण्यासारखी आहे.

अटींत बसणारा दावाही नाकारला गेल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. त्यासाठी अटींचा कागद हाती हवा. दुकानदार 'तो नंतर ईमेलवर येईल' म्हणाला, तर योजनेची रक्कम बिलातून तिथल्या तिथे काढून टाकायला सांगावी.