मिसफायरच्या नावाखाली इंजिन खोलायला सांगितलं, बिघाड निघाला रबरी पाइपाचा

जुनी पेट्रोल पिकअप ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे नक्की वाचा, आणि गाडी मिसिंग मारतेय (म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) म्हणून कुणी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला सांगितलं असेल तर काम सुरू व्हायच्या आधी वाचा.

माझ्या चार सिलिंडरच्या पिकअपचा त्रास असा की थंड इंजिन चालू केलं की स्लोला नुसती हादरायची, चेक लाईट लागायची, आणि रस्त्याला लागून वेग घेतला की बरीच सुरळीत व्हायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०३०२ कोड आला, आणि स्कॅनरची वायर काढायच्या आत त्याचा निकाल तयार, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) गेलीय, एक गेली म्हणजे बाकीच्या पण जाणारच, चारही नवीन टाकू आणि सोबत प्लग.

खरी मेख इथेच आहे. पी०३०२ म्हणजे २ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, बस एवढंच. का होतोय ते कोड सांगत नाही. ठिणगी कमी पडत असेल, इंजेक्टर पेट्रोल देत नसेल, कुठून तरी जास्तीची हवा घुसत असेल नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल. आपल्याला वाटतं मशीनने कॉइल सांगितली, पण मशीनने सिलिंडर सांगितलेला असतो, कॉइल हा माणूस सांगतोय. आणि कॉइल तपासणं किती सोपं आहे बघा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर २ ची कॉइल ३ वर लावायची, ३ ची २ वर, कोड पुसून गाडी चालवायची, आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, पी०३०२ च आला तर कॉइलचा दोष नाही. एकही पार्ट विकत न घेता कळतं. हे त्याने केलंच नाही, कारण केलं असतं तर कॉइल विकता आली नसती.

कॉइल-प्लगचं बिल झालं, लाईट गेली, आणि थोड्याच दिवसांत परत आली. लाईट जाणं हा काही पुरावा नाही हो, स्कॅनरने कोड पुसला की ती जातेच, बिघाड तसाच असेल तर पुन्हा लागते. वर कोड पुसताना फ्रीझ फ्रेम पण उडते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती ही नोंद जाते, म्हणून पुसायच्या आधी त्या स्क्रीनचा फोटो मागा.

दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे २ नंबरचं कॉम्प्रेशन गेलंय, रिंग आणि व्हॉल्व्ह दोन्हीचं काम निघालंय, हेड उतरवावं लागेल. दाब मोजायचा गेज कुठेही दिसला नाही, आकडा विचारला तर म्हणे आवाजावरून कळतं. मधे लाईट ब्लिंक व्हायला लागली तेव्हा हाच माणूस बिनधास्त चालवा म्हणाला, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ब्लिंक होणारी लाईट म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जास्त तापून खराब होऊ शकतो.

गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर १५५ ते १६५ पीएसआयच्या मधे, म्हणजे इंजिन ठणठणीत. (एखादा कमी आला असता तर त्यात थोडं ऑइल सोडून परत मोजतात, आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.) मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, स्लोला अधिक २० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल, तो लगेच म्हणाला दादा ही हवा ओढतेय, स्लोला इंजिन मुळात हवाच कमी घेतं म्हणून तेवढीशी गळती पण जाणवते, वेगात ती झाकली जाते. गळती शोधायला इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात) धूर सोडला तर तो निघाला २ नंबरच्या इनटेकजवळच्या रबरी व्हॅक्यूम पाइपातून, पाइप कडक होऊन खालच्या बाजूने चिरलेला. तो बदलला, मिसिंग बंद.

आणि त्या नवीन कॉइल? आधीच्या मालकाने कॉइलवर मार्करने नंबर टाकलेले होते, तेच नंबर पुसट होऊन अजून तिथेच. प्लगची मधली टोकं झिजून गोल झालेली, नवीन प्लगच्या कडा धारदार असतात. म्हणजे जुनंच पुसून परत बसवलं आणि पैसे नव्याचे घेतले.

परत जाऊन दाखवलं तर म्हणाला तुम्ही बाहेरून बदलून आणले असतील. माझ्याकडच्या बिलावर फक्त "इंजिन काम" लिहिलेलं, पार्ट नंबर नाही, जुने पार्ट परत दिलेले नाहीत, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. तुम्ही काम सांगतानाच जुने पार्ट परत हवेत म्हणा, बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर घ्या, आणि हेडचं काम निघालं म्हणाले तर तुमच्यासमोर गेज लावून सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्या, नुसत्या त्या एकाचे नाही.