दोन सुरांचा सायरन म्हणून गळ्यात मारलेला डबा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुताच्या गोदामाच्या शटरला अलार्म बसवायचा होता. साधी बीप-बीप नको होती. इन्व्हर्टर बीप करतो, मागं येणारा टेम्पो बीप करतो. आमचे वॉचमनअण्णा त्या आवाजाला कूसही बदलत नाहीत. टी-टू, टी-टू असा वरखाली होणारा हवा होता.

एका कारागिरानं दुकानात तसा डबा वाजवून दाखवला. ३,२०० रुपये, त्यातले २,००० आधी. बिल मागितलं तर म्हणाला, "आपल्यात कुठं बिल, मालक!" मला तेव्हा ते आवडलं होतं, हे कबूल करतो.

बसवायला तो भर दुपारी आला, सगळे माग चालू असताना. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तिथं सूर काय कळणार? वाजतंय एवढं कळलं, उरलेले पैसे दिले. रात्री लाइट गेली, माग थांबले. सहज शटर वर केलं, तर टीं... टीं... टीं. एकच सूर, तोही तुटक. फोन केला तर म्हणे, "थोडं वापरा, दुसरा सूर हळूहळू मोकळा होतो." त्यानंतर फोन उचललाच नाही.

भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्यानं डबा उघडला. आत दोन आयसी, म्हणजे काळ्या चिप, दिसल्या. "मामा, ही दुसरी कशाला जोडलीय बघा की." मी नखानं ढकलली तर सुटून हातात आली! पाय छाटलेले, नंबर खरवडलेला, बोर्डावर नुसती चिकटवलेली. पहिली खरी ५५५, म्हणजे टायमरची आयसी, होती, पण ती फक्त बझर चालू-बंद करत होती. बझर काढून त्यानं थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला टेकवला, तर आपला आपणच किंचाळला. अशा बझरचा सूर आतच ठरलेला असतो, बाहेरून बदलत नाही. दोन सुरांसाठी बॅटरीला टेकवल्यावर नुसतं टक् करतो तो बझर चालतो, किंवा साधा स्पीकर.

मग आम्हीच केला. दोन ५५५, दोन्हींना १० के (किलोओहम) आणि ६८ केचे रेझिस्टर. फरक कपॅसिटरचा: पहिलीला १० मायक्रोफॅरड, म्हणजे सेकंदाला साधारण एक फेरी, दुसरीला ०.०१, म्हणजे साधारण हजार. पहिलीची ३ नंबरची पिन, म्हणजे आउटपुट, १० केच्या आणखी एका रेझिस्टरमधून दुसरीच्या ५ नंबरच्या पिनला जोडली. पहिलीचं आउटपुट वर गेलं की दुसरीच्या कपॅसिटरला जास्त व्होल्टेजपर्यंत चढावं लागतं, वेळ लागतो, सूर जाड होतो. खाली आलं की बारीक. ती एक जोडणी सोडली तर सूर एकच राहतो. आयसी दहा-पंधरा रुपयांना मिळते.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आता पाठ आहे, पण बिल कुठंय विचारलं तर काय सांगू? तुम्ही घेत असाल तर दुकानात वाजवलेल्या डब्यावर आपली सही करून तोच घ्या, आणि माग बंद करून ऐका.

त्याच्या डब्याचं झाकण तेवढं चांगलं होतं. ते आमच्या सायरनला बसवलं. पहिल्या रात्री अण्णा दचकून खाटेवरून उठले आणि मलाच दम दिला, "कोण बे तिकडं?"