रायझन की कोअर अल्ट्रा : आलेखातला आकडा कुठल्या सेटिंगवरचा?

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेली प्रोसेसरची दोन कोटेशनं समोर आहेत. एकात एएमडीचा रायझन, दुसऱ्यात इंटेलचा कोअर अल्ट्रा, बेरजेत फरक दोन-तीन हजारांचा. मोबाइलवर वेगाच्या चाचणीचा आलेख उघडावा तर एका ठिकाणी इंटेलची निळी पट्टी लांब, दुसऱ्या ठिकाणी एएमडीची केशरी. दोन्ही आलेख खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. म्हणून प्रोसेसर निवडण्याआधी आलेख वाचायला शिकणं भाग आहे.

आधी कागदावरची माहिती. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे गाभे, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे, एल३ कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी. नवा डेस्कटॉप बांधणाऱ्याचा निर्णय बहुधा या पाचांतच होतो:

| प्रोसेसर | कोअर / थ्रेड | जाहीर वॉट | कमाल वॉट | एल३ कॅश |
|---|---|---|---|---|
| रायझन ५ ९६००एक्स | ६ / १२ | ६५ | ८८ | ३२ एमबी |
| रायझन ७ ९७००एक्स | ८ / १६ | ६५ | ८८ | ३२ एमबी |
| रायझन ७ ९८००एक्स३डी | ८ / १६ | १२० | १६२ | ९६ एमबी |
| कोअर अल्ट्रा ५ २४५के | १४ / १४ | १२५ | १५९ | २४ एमबी |
| कोअर अल्ट्रा ७ २६५के | २० / २० | १२५ | २५० | ३० एमबी |

कोअर मोजून निकाल लावू नका. २६५केच्या २० कोअरपैकी ८ मोठे आणि १२ छोटे आहेत, २४५केमध्ये ६ मोठे आणि ८ छोटे. या पिढीत इंटेलने हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) काढून टाकलं, म्हणून कोअर आणि थ्रेड सारखेच दिसतात. रायझनचे सगळे कोअर एकाच जातीचे आणि प्रत्येकावर दोन थ्रेड.

वॉटचा घोळ

‘६५ वॉट’ आणि ‘१२५ वॉट’ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे, कारण दोन्ही कंपन्या वेगळी गोष्ट मोजतात. इंटेलचा १२५ हा बेस पॉवरचा आकडा. पूर्ण भार पडला की २६५के २५० वॉटपर्यंत जातो. एएमडीचा ६५ हा कूलर निवडण्यासाठी दिलेला आकडा. सॉकेटमधून (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेतून) प्रत्यक्ष ओढायची मर्यादा त्याच्या साधारण १.३५ पट, म्हणजे ८८ वॉट. ९७००एक्सला बायोसमधून (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) १०५ वॉटचा पर्यायही नंतर मिळाला. त्यामुळे ‘९७००एक्स’ एवढंच लिहिलेल्या दोन आलेखांत दोन वेगळे आकडे दिसले, तर कोणी खोटं बोलतंय असं लगेच धरू नका. आधी मर्यादा विचारा.

मदरबोर्ड यात आणखी भर घालतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काळात अनेक महागडे बोर्ड डब्यातून काढल्याबरोबर पॉवरची मर्यादाच उठवून टाकत. बायोसमध्ये ४०९५ वॉट लिहिलेलं असे, म्हणजे मर्यादा नाहीच. स्कोअर वाढत, पण नंतर याच पिढ्यांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याची तक्रार उभी राहिली. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार दिले, बोर्ड कंपन्यांना ठरलेल्या मर्यादा मूळ सेटिंग म्हणून ठेवायला लावल्या आणि बाधित डब्याबंद प्रोसेसरांची वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षं केली. याचा खरेदीशी थेट संबंध आहे. १४व्या पिढीतल्या १४९००केचे २०२३ मधले बरेच आलेख अशा सेटिंगवरचे आहेत, जी आज ठेवू नये असं इंटेलच सांगते. सेकंडहँड १३व्या-१४व्या पिढीचा के मॉडेल स्वस्तात मिळत असेल, तर तो जुन्या बायोसवर किती काळ चालला हे कळल्याशिवाय घेऊ नये.

एएमडीचीही बाजू स्वच्छ नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी बोर्डावरच जळाले. एसओसी व्होल्टेज (चिपच्या कोअरबाहेरच्या भागाचं) जास्त जात होतं, मग बायोसमधून ते १.३ व्होल्टवर रोखलं गेलं. एएम५ बोर्ड (नव्या रायझनच्या सॉकेटचा) कुठलाही असो, पहिल्या दिवशी बायोस अपडेट करा.

मोजमापात कोण कुठे झुकलं

इंटेलच्या कंपायलरने (कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाने) तयार केलेला प्रोग्राम आधी प्रोसेसर कोणत्या कंपनीचा ते बघे आणि इतर कंपनीचा असला तर संथ मार्गाने पाठवे, ही तक्रार जुनी आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबतच्या तडजोडीत हा मुद्दा होता. याची सावली आजही विद्यार्थ्यांवर पडते. इंटेलची एमकेएल ही गणिती लायब्ररी पूर्वी रायझनवर वेगवान सूचना वापरायची नाही, आणि मॅटलॅब तिच्यावरच चालतं. मॅटलॅबच्या आर२०२०ए आवृत्तीत त्यावर उपाय आला. प्रयोगशाळेत त्याहून जुनी आवृत्ती असेल, तर तिथला रायझन उगाच मंद भासेल. पायथनचंही तसंच. ॲनाकोंडातली नमपाय ही गणिती लायब्ररी सहसा एमकेएलवर बांधलेली असते, पिपने घेतलेली ओपनब्लास या दुसऱ्या लायब्ररीवर. एकच कोड दोन्हींवर चालवून बघा आणि मगच प्रोसेसरला बोल लावा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलने पैसे देऊन करवून घेतलेल्या चाचणीत रायझन ७ २७००एक्स ‘गेम मोड’मध्ये चालवला गेला. त्या मोडमध्ये आठपैकी चार कोअर बंद होतात. टीका झाल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर स्पेक या मानक संस्थेने इंटेलच्या कंपायलरवर घेतलेले २६००हून अधिक निकाल अमान्य ठरवले, कारण कंपायलरमधली एक सुधारणा त्या चाचणीच्या कोडपुरतीच उपयोगी होती.

२०२४ मध्येच एएमडीने जुन्या एएम४ सॉकेटचा ५९००एक्सटी इंटेलच्या आय७-१३७००केच्या बरोबरीने दाखवला. ग्राफिक्स कार्ड होतं आरएक्स ६६००. एवढ्या साध्या कार्डावर दोन्ही प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसतात आणि फ्रेम सारख्याच येतात. आकडे बरोबर होते, पण मोजलं गेलं ते कार्ड. त्याच वर्षी रायझन ९०००च्या गेमिंगचे एएमडीचे दावे स्वतंत्र परीक्षकांच्या चाचण्यांत दिसेनात. एएमडीच्या चाचण्या विंडोजच्या ॲडमिन मोडमध्ये झाल्या होत्या, तिथे ब्रँच प्रेडिक्शनची (प्रोग्राम पुढे कुठे वळेल याच्या अंदाजाची) एक सुधारणा आधीच चालू होती. सर्वसाधारण वापरकर्त्याला ती विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मिळाली, २३एच२ला वेगळ्या अपडेटने.

तेव्हा रायझन ९०००चा कुठलाही आलेख बघताना विंडोजची आवृत्ती लिहिली आहे का ते आधी शोधा. नसेल तर तो आलेख निर्णयासाठी वापरू नये.

पुण्यातली खोली

बहुतेक परीक्षक २०–२३ अंशांच्या खोलीत मोजतात. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीच ३५–३६ अंशांवर असते. हिशेब सोपा आहे: आलेखातल्या तापमानातून त्यांच्या खोलीचं तापमान वजा करा, आपल्या खोलीचं मिळवा. २२ अंशांच्या खोलीत ७८ दाखवणारा प्रोसेसर इथे साधारण ९२ वर जाईल. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे, बाकीच्या अनेक रायझनची ९५, कोअर अल्ट्रा २००ची १०५. मर्यादा गाठली की प्रोसेसर वेग कमी करतो आणि आलेखातला आकडा तुमच्याकडे येत नाही. ८८ वॉटच्या चिपला एका पंख्याचा चांगला टॉवर कूलर पुरतो. २५० वॉटच्या चिपला दोन पंख्यांचा मोठा टॉवर किंवा ३६० मिमीचं लिक्विड कूलर लागतं, आणि तो खर्च कोटेशनमध्ये बरेचदा नसतो. रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर केसच्या जाळ्या दर महिन्याला झाडा.

यूपीएसही बघा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. २५० वॉटचा प्रोसेसर आणि २०० वॉटचं कार्ड एकत्र राबत असताना वीज गेली, की तो बंदच पडणार. तिथे १००० व्हीए घ्या.

वीजबिलाची काळजी असेल तर वॉटला वेळेने गुणा. समजा २५० वॉटवर रेंडर १० मिनिटांत झाला, तर सुमारे ४२ वॉट-तास लागले. ८८ वॉटवर तोच २० मिनिटांत झाला, तर २९. दुप्पट वेळ लागूनही वीज कमी. पण दिवसभर नुसतं चालू राहणाऱ्या ऑफिसच्या मशीनवर चित्र उलटं होतं. चिपलेटवाले (अनेक तुकडे जोडून बनलेले) रायझन रिकामे असतानाही साधारणपणे इंटेलपेक्षा थोडे जास्त वॉट खातात.

स्वतः मोजायचं असेल तर

दोन्ही मशीनवर रॅम सारखी, वेग सारखा: एएमडीच्या बोर्डावर एक्सपो, इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सेटिंग) चालू करून. प्रोफाइल चालू करायला विसरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. विंडोजची आवृत्ती, पॉवर प्लॅन आणि मेमरी इंटिग्रिटीची (विंडोजच्या एका सुरक्षा सोयीची) सेटिंग सारखी ठेवा. एचडब्ल्यूइन्फो या मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये पॅकेज पॉवर (प्रोसेसरने ओढलेले वॉट), तापमान आणि इफेक्टिव्ह क्लॉकची (प्रत्यक्ष वेगाची) नोंद चालू ठेवून सिनेबेंच ही रेंडरची चाचणी १० मिनिटं चालवा. एकाच फेरीचा स्कोअर घेऊ नका, कारण पहिल्या मिनिटात कूलर थंड असतो. तीन वेळा घ्या, मधला आकडा धरा. ३ टक्क्यांच्या आतला फरक आम्ही बरोबरीच मानतो.

गेममध्ये कार्डाचा वापर ९७–९९ टक्के दिसत असेल तर तुम्ही प्रोसेसर मोजत नाही आहात. रिझोल्यूशन १०८०पीवर आणा आणि सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग) लिहून घ्या. खेळताना बसणारे झटके तिथेच दिसतात.

मग तुमचं स्वतःचं काम: तोच प्रीमियर प्रोजेक्ट, तोच ग्रेडल बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधणं), स्टॉपवॉच लावून. हा आकडा सिनेबेंचपेक्षा मोलाचा.

आमचा कौल

गेमिंग मुख्य असेल आणि कार्ड तगडं असेल तर ९८००एक्स३डी. जास्तीची कॅश गेममध्ये उघड कामी येते. मध्यम कार्ड आणि १४४०पी स्क्रीन असेल तर ९६००एक्स घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी २६५के. अनेक कॅमेरे एचईव्हीसी ४:२:२ १०-बिट या व्हिडिओ प्रकारात चित्रित करतात, आणि इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स तो प्रकार हार्डवेअरवर उलगडतं. टाइमलाइन अडखळत नाही. नाव एफने संपणारा मॉडेल मात्र घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्सच नसतं. आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घेणार असाल तर ही सोय कार्डातही आहे, मग रायझनचा विचार करता येतो.

हिंजवडीचं काम घरून करणाऱ्यांना, म्हणजे मोठे बिल्ड आणि चार-पाच कंटेनर, २६५केचे २० कोअर उपयोगी पडतात, पण आधी ३२ जीबी रॅम. ऑटोकॅड आणि रेव्हिटचं बरंच काम एका थ्रेडवर चालतं. तिथे या पाचांतला फरक हाताला जाणवणार नाही, स्वस्त पडेल तो घ्या. टॅली आणि एक्सेलच्या ऑफिसला यांतला एकही लागत नाही, आय३-१४१०० पुरे.

चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम५कडे झुका. एएम४ सॉकेट २०१७ मध्ये आला आणि त्यातल्या अनेक बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डीही चालला. एएम५ला २०२७ पर्यंत आणि पुढे आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे.

रॅम दोन काड्यांतच घ्या, रायझनला डीडीआर५-६०००. चार काड्या लावल्या की एएम५चा अधिकृत वेग ३६०० पर्यंत घसरतो. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहिली तर घाबरून बटण दाबू नका, बोर्ड रॅम तपासत असतो.

कोटेशनवर ‘बॉक्स’ (डब्याबंद) की ‘ट्रे’ (डब्याशिवाय सुटा) ते लिहून घ्या. डब्याबंद प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवाल्याला दुकानदार देईल तीच. ९६००एक्सच्या डब्यात कूलर नसतो, ७६००च्या डब्यात असतो. पैसे देण्याआधी डब्याच्या खिडकीतून दिसणारा सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहिलेल्या नंबरशी ताडून बघा.