ईसीजी वाचायचा कुणी: मशीनने की सिस्टरने?

इंदुरात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून भरपेट खाऊन आलेले काका ‘गॅसच आहे हो’ म्हणत कॅज्युअल्टीत येतात. छातीत दुखतंय म्हटलं की 10 मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरांच्या नजरेखालून जायला हवा. तोवर मशीनने वर छापलेल्या ओळीवर विसंबायचं की सिस्टरने ईसीजीची पट्टी स्वतः वाचायची?

मशीन झटपट. ठोके, अंतरं चटकन मोजून देतं. पण रुग्ण थंडीने कुडकुडत असला की भलतंच छापतं, आणि इलेक्ट्रोड कुठे चिकटवलेत हे त्याला कुठून दिसणार? छातीवरचे व्ही 1 आणि व्ही 2 हे इलेक्ट्रोड चौथ्या व पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत हवेत. घाईत ते हमखास वर जातात. दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड 1 (पट्टीवरच्या आलेखांपैकी एक) उलटी पडते. जाणती सिस्टर ते पाहताच वायरी तपासून पट्टी पुन्हा काढते. लीड 2, 3 आणि एव्हीएफ या हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या आलेखांत एसटी (ठोक्याच्या लहरीतला एक भाग) उचललेला दिसला, म्हणजे झटक्याची शंका आली, तर डॉक्टरांना हाक मारून उजव्या बाजूचाही ईसीजी काढते, कारण हृदयाचा उजवा कप्पाही झटक्याच्या तडाख्यात आला असेल तर नायट्रोग्लिसरिनने (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) बीपी धाडकन कोसळू शकतं.

माझं मत सिस्टरच्या पारड्यात, पण हात आणि डोळा सरावात असेल तरच. नुसत्या एका लेक्चरवर हे टिकत नाही.