माळ्यावरचं नेटबुक की टेबलाखालचा जुना पीसी, कोणाला कुठल्या कामाला जुंपायचं?

आमच्या घरात दोन म्हातारी मशीन्स आहेत. एक २०१० चं दहा इंची नेटबुक, ॲटम एन४५० प्रोसेसर, २ जीबी रॅम (त्याच्यापुढे ते घेतच नाही), आणि दुसरा कोअर टू डुओवाला डेस्कटॉप, ४ जीबी रॅमचा. असलं काहीतरी बऱ्याच घरांत पडून असतं म्हणून दोन्ही वापरून काय कळलं ते लिहितोय. सगळे पहिल्यांदा विचारतात फास्ट चालेल का. नाही चालणार, दोन्हीपैकी एकही नाही, विषय संपला. विचारायचं असं की मशीन दिवसातून किती तास चालू राहणार आहे.

कारण लाइटबिल. डेस्कटॉप नुसता बसून असला तरी ५०-६० वॅट खातो, मॉनिटर वेगळा. ६० वॅट धरा, चोवीस तास, महिनाभर, म्हणजे ४३ युनिट. दहा रुपये युनिट पकडलं तर महिन्याला ४३०, वर्षाला पाच हजारांच्या वर! नेटबुक स्क्रीन बंद ठेवून साधारण १० वॅटमध्ये भागतं, म्हणजे महिन्याला ७ युनिट, सत्तर रुपये. त्यामुळे "जुन्या पीसीचा होम सर्व्हर (घरातल्या सगळ्यांसाठी सतत चालू राहणारं मशीन) बनवा, फुकटात" असं कोणी सांगितलं तर आधी बिल कोण भरतं ते विचारा.

म्हणून चोवीस तासांचं काम नेटबुकला. मी त्यावर डेबियन टाकलं (लिनक्सचाच एक प्रकार, खिडक्या-आयकॉन नसलेला, नुसत्या कमांडवर चालणारा), सांबा (नेटवर्कवर फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) लावून घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका जागी यायची सोय केली, आणि सोबत पाय-होल. पाय-होल म्हणजे घरातल्या सगळ्या डिव्हाइसवरच्या जाहिराती डीएनएसलाच (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधतात तिथेच) अडवणारं सॉफ्टवेअर, ५१२ एमबी रॅममध्ये पण खुशाल चालतं. बातम्यांच्या साइट एकदम स्वच्छ दिसायला लागतात, पण यूट्यूबच्या जाहिराती त्याने जात नाहीत, त्या व्हिडिओ येतो तिथूनच येतात, त्यामुळे त्या आशेवर लावू नका. आणि एक, काही कंपन्यांनी दिलेल्या राउटरमध्ये डीएनएस बदलायचा ऑप्शनच नसतो, मग राउटरचं डीएचसीपी (घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला नेटवर्कवरचा पत्ता वाटायचं काम) बंद करून ते काम पाय-होललाच द्यावं लागतं.

नेटबुकचा खरा फायदा बॅटरी. अर्धा तास जरी टिकत असेल तरी लाइट गेल्यावर मशीन धाडकन बंद पडत नाही, घरबसल्या यूपीएस मिळाला समजा. पण बॅटरी फुगलेली दिसली तर काढून टाका, तिथे कंजुषी नको. झाकण लावल्यावर झोपू नये ही सेटिंग मात्र करून ठेवा, माझे पहिले दोन दिवस ते का गायब होतंय हे शोधण्यातच गेले. तोटा म्हणजे स्पीड. लॅनचा (राउटरच्या केबलचा) पोर्ट १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ११ एमबीच्या आसपास, १०० जीबी फोटो पहिल्यांदा चढवायला अडीच तास सहज. रात्री लावून झोपायचं.

आता डेस्कटॉप. ह्याला चालू-बंद करायचं काम द्या, दिवसाला दोन-तीन तास. एक साधी २४० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका आणि लिनक्स मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारा हलका प्रकार. रॅम वाढवण्यापेक्षा एसएसडीने जास्त फरक पडतो, चालू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. माझी भाची त्यावर इंग्लिश ३० च्या टायपिंगची प्रॅक्टिस करते, मोठा कीबोर्ड, मोठी स्क्रीन, नेटबुकच्या चिमुकल्या बटणांवर हे होणारच नाही. अर्ज लिहायला लिब्रेऑफिस, मराठीसाठी इन्स्क्रिप्ट लेआउट आधीच आत असतो. यूट्यूब ४८० वर बरं चालतं, वर नेलं की अडकतं, कारण हल्लीचे व्हिडिओ फॉरमॅट ह्या चिपला माहीतच नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४ (जुना, मशीनला हलका पडणारा व्हिडिओ फॉरमॅट) सक्तीने लावणारं ब्राउझर एक्स्टेन्शन मिळतं, त्याने थोडा दम मिळतो.

क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या पीसीवर टाकायची गूगलची ब्राउझरवाली सिस्टीम) पण पाहिलं. त्याला किमान ४ जीबी रॅम लागते म्हणजे नेटबुक बाद, आणि २०१० च्या आधीच्या मशीनवर अनुभव वाईट येऊ शकतो असं गूगल स्वतःच सांगतं. नुसतं ब्राउझर हवं असेल आणि मशीन जरा नवीन असेल तर बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ अधिकृतपणे दोन्हीवर बसत नाही, म्हणून तिकडे वेळ घालवलाच नाही.

काहीही करा, आधी दोन गोष्टी तपासा. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कची तब्येत ती स्वतःच सांगते तो) बघा, जुन्या डिस्कवर फोटोंची एकुलती एक कॉपी ठेवणं म्हणजे गळक्या माठात पाणी. आणि तारीख सारखी २००९ वर जात असेल तर मदरबोर्डवरचा बटण सेल बदला, तारीख चुकली की साइट्स सर्टिफिकेटची एरर देत उघडतच नाहीत आणि माणूस उगाच नेटवाल्याला फोन करत बसतो.

घरात पेंटियम फोर असेल तर मात्र हे सगळं विसरा, वीज जास्त आणि काम कमी. हार्डडिस्क काढून घ्या, बाकीचं ई-कचरा घेणाऱ्याकडे.