किसान क्रेडिट कार्ड की मत्स्यसंपदेचं अनुदान?

वर्सोव्याच्या एका मावशींना मासळी विकायला बर्फपेटीची तीनचाकी हवी आहे. मासेमारांनाही मिळणाऱ्या किसान क्रेडिट कार्डावर कर्ज काढू की सरकारी अनुदान मागू, हा त्यांचा प्रश्न.

पैशाचं आधी बघू. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा गाडीची किंमत ३ लाख धरतात. महिलांना त्यावर ६०% अनुदान, म्हणजे १ लाख ८० हजार, आणि ते फेडायचं नाही. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला मात्र ४०%च. कार्डावरचं कर्ज ७ टक्क्यांचं, वेळेत फेडलं तर ४. लाखाला वर्षाचे ४ हजार. फेडायची मुदत चुकली की सवलत गेली, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत धंदा मंदावतो, तेव्हा नेमकं तेच होतं.

वेळेचं म्हणाल तर अनुदानाला प्रस्ताव, मंजुरी, तपासणी आलीच. मंजुरी आली तरी गाडीच्या किमतीतला उरलेला आपला वाटा हाताशी लागतो. कार्ड एकदा झालं की लागेल तेव्हा पैसे उचलता येतात.

मावशींनी गाडीसाठी अनुदानच मागावं, थांबावं लागलं तरी. डिझेल-बर्फ भरून बोट सोडणाऱ्यांना कार्ड बरं. सावकारापेक्षा तर कितीतरी बरं.