डिझेल खराब होतं म्हणता, तर चाचणी दाखवा (5 पैकी 1 तारा)

सोलापुरात पुणे रस्त्यावरच्या एका ट्रक डीलरच्या वर्कशॉपबद्दल लिहितोय. नाव घालत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगाकडे नेतोय.

माझा एकच ट्रक आहे, बीएस-6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमांचा, आणि तो मीच चालवतो. मार्केट यार्डातून कांदा भरायचा, हैदराबादला खाली करायचा. परतीला उमरग्याच्या अलीकडे पिकअप एकदम गेला, इंजिनची लाइट लागली. कशीबशी सोलापुरात आणून वर्कशॉपला लावली. गाडी वॉरंटीत होती.

संध्याकाळी अॅडव्हायझर म्हणाला, "मालक, डिझेल भेसळीचं आहे. चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) गेले. वॉरंटीत बसणार नाही." एस्टिमेट 1,42,000 रुपये.

मी विचारलं, टाकीतला नमुना काढला का? डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये पाणी निघालं का? उत्तर नाही. बीएस-6 डिझेलची घनता 15 अंश तापमानाला घनमीटरला 810 ते 845 किलोच्या आत असावी लागते. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असला की ती काही मिनिटांत कळते. घनता बरोबर आली म्हणून भेसळ नाही असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण तेवढंही न बघता माझ्या डिझेलवर ठपका ठेवला. एकाच पेट्रोल पंपावर डिझेल भरतो, त्याच्या पावत्या मी दाखवल्या, त्यांनी हातातही घेतल्या नाहीत.

बँकेचा हप्ता डोक्यावर होता. "हरकत राखून पैसे भरले" असं बिलावर लिहून गाडी सोडवली. तुमच्यावर अशी वेळ आली तर बिलावर एवढं नक्की लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

नवे इंजेक्टर घातल्यावर गाडी पहिल्या दिवसापासूनच खडखडत होती आणि थोड्याच दिवसांत मोहोळजवळ पुन्हा तसाच पिकअप गेला. या वेळी अक्कलकोट रोडच्या एका पंप-नोझलवाल्याकडे, म्हणजे इंजिनचे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं माझ्यासमोर फिल्टर कापला. आत चकचकीत लोखंडाचा चुरा! इंजेक्टरला दाबानं डिझेल पुरवणारा हाय प्रेशर पंप आतून झिजत होता. तो चुरा रेलमधून (दाबाचं डिझेल साठवणारी नळी) इंजेक्टरमध्ये जातो, रिटर्न लाइननं टाकीत उतरतो आणि टाकीतून पुन्हा फिल्टरवर येतो. अशा वेळी पंप बदलावा लागतो, टाकी आणि सगळ्या लाइन धुवाव्या लागतात. नुसते इंजेक्टर घातले तर नवेही त्याच चुऱ्यानं जातात, आणि माझे गेले. वर, नव्या इंजेक्टरचे कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकलेलेच नव्हते. प्रत्येक इंजेक्टरचा कोड वेगळा असतो, तो टाकल्याशिवाय डिझेलचं माप जुळत नाही. पहिल्या दिवसापासूनच्या खडखडीचं कारण तेच, असं त्याचं मत पडलं.

हे घेऊन वर्कशॉपला गेलो, तर मॅनेजर म्हणतात पंपही खराब डिझेलनंच झिजला. समजा झिजला. मग इंजेक्टर उघडले त्या दिवशी पंप का नाही तपासला? जॉब कार्डवर पंपाचा शब्दही नाही. काढलेले इंजेक्टर मागितले, तर स्क्रॅपमध्ये गेले म्हणाले. पैसे माझे, मग काढलेले पार्टही माझेच. मला न विचारता पुरावा घालवला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

खाली काम करणारी पोरं मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. निर्णय वर केबिनमध्ये झाला.

ट्रक म्हणजे धंदा, ग्राहक कायदा लागू होत नाही, असंही मला ऐकवलं. 2019 च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत 2 वर्षं, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली आहे.

माझी मागणी लेखी दिली आहे: 1,42,000 परत, पंप वॉरंटीत, टाकी-लाइन धुऊन द्या. नाहीतर डिझेल खराब होतं याचा प्रयोगशाळेचा अहवाल द्या. अजून दोन्हींपैकी काहीच आलेलं नाही.